वॉर्डातल्या सिस्टर, आपला पेशंट आणि ‘सब ठीक है’ : नांदेड-लातूरच्या कुटुंबांसाठी माहिती

डिस्चार्ज कार्ड हातात पडायच्या आधी बऱ्याच दवाखान्यांत एक कागद पुढे येतो. सेवा कशी वाटली? उत्तम, चांगली, बरी की वाईट? आपल्या घरांमध्ये या कागदावर काय लिहिलं जातं ते जवळजवळ ठरलेलं आहे : ‘सब ठीक है, लिख दो.’ ज्या खालाजान आठवडाभर रोज रात्री कुरकुरत होत्या, त्याही अंगठा देताना ‘अच्छा था’ म्हणतात. कारण साधं आहे. उद्या पुन्हा इथेच यायचंय, नाव लक्षात ठेवलं तर? शिवाय फुकटात उपचार झाले, वर तक्रार कशाला?

या कागदाला आरोग्य खात्याच्या भाषेत ‘रुग्ण समाधान सर्वेक्षण’ म्हणतात. तो रद्दीत जात असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात सरकारी रुग्णालयाला मिळणारं मानांकन काही प्रमाणात त्यावर अवलंबून असतं. म्हणून तो कागद काय आहे, वॉर्डातली सेवा कशावर चालते, आणि आपल्या पेशंटसाठी काय मागता येतं, हे एका ठिकाणी लिहून ठेवत आहे.

समाधान मोजतात कसं

आरोग्यसेवेचा दर्जा तीन बाजूंनी तपासावा, असं अवेदिस डोनाबेडियन या अमेरिकी अभ्यासकाने १९६६ मध्ये मांडलं. पहिली बाजू साधनं : इमारत, खाटा, माणसं, औषधं. दुसरी कामाची पद्धत : कोण, कधी, कसं करतं. तिसरी परिणाम : पेशंट बरा झाला का. रुग्णाचं समाधान या तिसऱ्या बाजूत येतं, पण रुग्ण बोलतो ते बहुतेक दुसऱ्या बाजूबद्दल. ऑपरेशन नीट झालं की नाही हे त्याला कळत नाही. हाक मारल्यावर कोणी आलं की नाही, हे मात्र पक्कं कळतं.

अमेरिकेत २००८ पासून रुग्णालयांची अशी माहिती लोकांसाठी उघड केली जाते. तिथल्या प्रश्नावलीत नर्सबद्दल तीन साधे प्रश्न आहेत : तुमच्याशी आदराने वागल्या का, तुमचं नीट ऐकून घेतलं का, समजेल असं सांगितलं का. मला हे तीन प्रश्न फार नेमके वाटतात. आपल्याकडचा कोणताही पेशंट घरी येऊन जे सांगतो, ते याच तीन प्रश्नांची उत्तरं असतात.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०१३ मध्ये सरकारी आरोग्य संस्थांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानके आणली. मानांकन हवं असेल तर रुग्णांचं मत ठराविक काळाने घेऊन त्यावर काय केलं, ते दाखवावं लागतं. २०१५ मध्ये स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ पुरस्कार आला. २०१७ मध्ये प्रसूतिगृहांसाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला. बाळंतिणीला सन्मानाने वागवणं, तिच्यावर न ओरडणं, मध्ये पडदा असणं हे त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे कळा देणाऱ्या बाईला टोमणे मारणं हा ‘चलता है’चा विषय राहिलेला नाही.

२०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ सुरू झालं. जी रुग्णालयं त्याला जोडलेली आहेत, तिथे केसपेपरवर दिलेल्या मोबाइल नंबरवर मेसेज किंवा फोन येतो आणि समाधानी आहात का, असं विचारतात. ‘नाही’ म्हटलं तर कारण विचारतात : कर्मचाऱ्यांची वागणूक, स्वच्छता, खर्च, उपचारांचा दर्जा की आणखी काही. हे उत्तर वॉर्डातल्या कोणाच्या समोर द्यावं लागत नाही, हा यातला मोठा फायदा. पण आपण केसपेपर काढताना शेजारच्या रिक्षावाल्या भावाचा नंबर देऊन मोकळे होतो. मग फोन त्याला जातो, आणि तोही म्हणतो, ‘हां, ठीक था.’

वॉर्डात कोण काय करतं

पांढरे कपडे दिसले की ‘सिस्टर’ म्हणायचं, हे बरोबरच आहे. पण काम कोणाचं आणि सांगायचं कोणाला, हे कळलं तर अर्धी भांडणं होणार नाहीत.

सलाईन, इंजेक्शन, गोळ्या, ताप आणि बीपी बघणं, नोंदी ठेवणं हे काम अधिपरिचारिकेचं, म्हणजे स्टाफ नर्सचं. पुरुष असतील तर त्यांना ब्रदर म्हणतात. वॉर्डाच्या प्रमुख म्हणजे परिसेविका, ज्यांना सगळे इन्चार्ज सिस्टर म्हणतात. साऱ्या रुग्णालयातल्या परिचारिकांच्या वर अधिसेविका असतात, म्हणजे मेट्रन. स्ट्रेचर ओढणं, पेशंटला एक्स-रेला नेणं हे कक्षसेवकाचं, म्हणजे वॉर्डबॉयचं काम. बेडपॅन, साफसफाई मावशींकडे. महाविद्यालयाच्या रुग्णालयात शिकाऊ नर्सिंगच्या मुलीही असतात. त्या औषध बदलू शकत नाहीत. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही.

चादर बदलली नाही म्हणून स्टाफ नर्सशी भांडायचं आणि इंजेक्शनची वेळ मावशीला विचारायची, हे आपल्याकडे सर्रास होतं. वॉर्डातली अडचण आधी इन्चार्ज सिस्टरला सांगा. तिथे सुटली नाही तर मेट्रन.

आणखी एक. सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन पाळ्या असतात. पाळी बदलताना जुन्या सिस्टर नव्या सिस्टरला प्रत्येक पेशंटची माहिती देतात, त्याला ‘ओव्हर देणं’ म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, दोघी उभ्या राहून गप्पा मारतायत. त्या वेळी मध्ये बोललं की काहीतरी सांगायचं राहून जातं, आणि राहून गेलेली गोष्ट एखाद्या औषधाचा डोसही असू शकते. घाईचं नसेल तर पंधरा मिनिटं थांबावं. पेशंट घाबराघुबरा झाला असेल, श्वास लागला असेल, तर अर्थातच थांबू नये.

गणित

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा : शिकवणाऱ्या रुग्णालयात साध्या वॉर्डात ३ खाटांमागे १ परिचारिका, इतर रुग्णालयांत ५ खाटांमागे १, आणि सुट्ट्यांसाठी वर ३० टक्के जास्त. अतिदक्षता विभागात एका खाटेला एक.

आता ३० खाटांचा वॉर्ड घ्या. पाचाला एक म्हणजे ६ सिस्टर. त्या तीन पाळ्यांत वाटल्या की पाळीला २ आल्या. म्हणजे निकष पूर्ण पाळला तरी एकीकडे १५ पेशंट. त्यातली पदं रिक्त असतील आणि खाटांइतकेच पेशंट खाली गाद्यांवर असतील, तर एकीकडे ३० किंवा त्याहून जास्त. तासाला साठ मिनिटं असतात. तीस पेशंटला दोन-दोन मिनिटं. त्यात सलाईन बदलायची, इंजेक्शन द्यायचं, लिहायचं आणि गोडही बोलायचं. सत्तर पोरांच्या वर्गावर उभं राहणाऱ्या माणसाला हे गणित वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मराठवाड्यातल्याच एका दवाखान्यात अम्मींच्या उशाशी बसले होते तेव्हाची गोष्ट. सलाईनची सुई शिरेतून सुटली आणि हात सुजायला लागला. मी दोनदा जाऊन सांगितलं, कोणी आलं नाही. तिसऱ्यांदा आवाज चढला. सिस्टर आल्या, सुई काढली, दुसऱ्या हाताला लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मॅडम, आज या बाजूला मी एकटीच आहे.” अम्मींचा हात तीन दिवस निळा होता. राग माझा अजूनही गेलेला नाही, पण तो नक्की कोणावर धरायचा ते त्या रात्रीनंतर मला नीट सांगता येत नाही.

हा फक्त सोयीचा प्रश्न नाही. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या ९ देशांमधल्या ३०० रुग्णालयांतल्या ४ लाखांहून जास्त शस्त्रक्रियेच्या रुग्णांची माहिती तपासली. ‘लॅन्सेट’मध्ये २०१४ साली ती छापून आली. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की महिन्याभरात पेशंट दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. तिथले आकडे आपल्यासारखे नाहीतच. तिथे आठाच्या जागी नऊ झाले तर काय, असा प्रश्न होता.

आपल्या भागाने याचं सर्वांत कडू रूप २०२३ मध्ये पाहिलं. नांदेडच्या विष्णुपुरी इथल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यातली १२ नवजात बाळं होती. पुढच्या दिवसात आणखी ७ गेले, ४८ तासांत एकूण ३१. मंजूर खाटांपेक्षा खूप जास्त पेशंट, बदल्यांमुळे कमी पडलेला कर्मचारीवर्ग, रखडलेली औषधखरेदी, खासगी दवाखान्यांतून शेवटच्या क्षणी पाठवलेले अत्यवस्थ रुग्ण, अशी कारणं तेव्हा पुढे आली. औषधांचा तुटवडा नव्हता, असं रुग्णालयाचं म्हणणं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन सरकारला विचारणा केली. त्याच दिवसांत एका खासदाराने अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं आणि टीव्हीवर दोन दिवस तेच चाललं. किती सिस्टर मंजूर, किती कामावर आणि रात्री किती, हा प्रश्न मात्र त्या आवाजात मागे पडला.

विष्णुपुरीला फक्त नांदेड जिल्हा येत नाही. हिंगोली, परभणी, यवतमाळचा काही भाग आणि तेलंगणातलं आदिलाबाद, निर्मल, निजामाबाद इथूनही पेशंट येतात. सत्तर-ऐंशी किलोमीटर धक्के खात आलेला पेशंट वॉर्डात पोहोचतो तेव्हा तो आणि त्याच्यासोबतचे, दोघांचाही धीर संपलेला असतो.

कोणता दवाखाना कोणत्या खात्याचा

हे माहीत नसल्यामुळे पैशांवरून खूप वाद होतात. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत. तिथे १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट तपासणी आणि उपचार मोफत आहेत. नांदेड शहरातलं श्री गुरु गोविंदसिंघजी स्मारक जिल्हा रुग्णालय आणि श्यामनगरचं स्त्री रुग्णालय यात येतात.

विष्णुपुरीचं रुग्णालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. ऑगस्ट २०२३ चा तो निर्णय या विभागाच्या रुग्णालयांसाठी नव्हता, म्हणून तिथे केसपेपरला किंवा काही तपासण्यांना पैसे मागितले तर ती लगेच लाच समजू नये. पावती मात्र मागावी. पावती नाही, तर पैसे नाहीत. लातूरमध्ये जुनं जिल्हा रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेलं, त्यामुळे वेगळं जिल्हा रुग्णालय हवं ही मागणी तिथे जुनीच आहे. साध्या तापाचा आणि मोठ्या ऑपरेशनचा पेशंट एकाच दारात उभा राहतो.

बाळंतपणाचं वेगळं आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) सरकारी संस्थेत साधं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि घरापर्यंतची गाडी मोफत आहे. आजारी बाळाला वर्षभरापर्यंत उपचार मोफत.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आधी ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने होती. २ जुलै २०१२ ला ती ज्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं. लातूरला ती २०१३ च्या अखेरीस आली. आता ती सगळ्या रेशनकार्डांसाठी आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. यादीतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला गाठावं. योजनेत बसलेल्या पेशंटकडून तपासण्या, औषधं आणि जेवणाचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. घेतले तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या नंबरवर सांगता येतं.

आणि खासगी ट्रस्टचा दवाखाना, म्हणजे धर्मादाय रुग्णालय असेल, तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. हे आपणहून कोणी सांगत नाही. विचारावं लागतं.

आपल्या घरांचे काही वेगळे प्रश्न

पहिला नावाचा. आधारवर ‘शेख शबाना बेगम’, रेशनकार्डवर ‘शबाना बी शे. रफिक’, केसपेपरवर ‘सबाना शेख’. माणूस एकच, पण कॉम्प्युटरला तीन दिसतात आणि योजनेची मंजुरी अडकते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सेतू केंद्रात पळणारे जावई मी पाहिलेत. घरात कोणी आजारी नसताना एकदा सगळी कार्डं काढून बसा आणि स्पेलिंग एक करून घ्या. 

दुसरा बोलीचा. आपल्या म्हाताऱ्या दखनी बोलतात. ‘जी घबरा रा’ म्हणजे त्यांना अस्वस्थ वाटतंय, छातीत धडधड आहे. मराठी कानाला ते ‘घाबरल्यात’ असं ऐकू येतं. मग सिस्टर प्रेमाने म्हणतात, ‘घाबरू नका आजी’, आणि पुढे जातात. ‘कलेजे में जलन’ म्हणताना कोणी छाती दाखवतं, कोणी पोट. ‘गश आया’ म्हणजे चक्कर येऊन शुद्ध गेली, नुसती चक्कर नाही. यात सिस्टरचा दोष नाही आणि आजीचाही नाही. सोबत थांबणाऱ्याने मराठीत, बोटाने जागा दाखवून सांगावं : दुखतंय कुठे, कधीपासून, हातात किंवा जबड्यात कळ जाते का. रात्री सोबतीला दहावी झालेली नात असेल तर ती हे काम चांगलं करते. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे शब्द फळ्यावर लिहून देते.

पडदा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत हे स्पष्ट आहे : पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाला तपासत असेल तर तिथे दुसरी स्त्री हजर हवी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये ही सनद राज्यांना पाठवली. तेव्हा ‘मॅडम, एक सिस्टर सोबत द्या’ असं शांतपणे म्हणणं हा हट्ट नाही, हक्क आहे. तपासणीपुरता मधला पडदा ओढायला सांगता येतं. उलट काही गोष्टी आपण समजून घ्यायला हव्यात. एक्स-रेला धातूची पिन, ताईत, बुरख्याची बटणं काढावीच लागतात. ईसीजीला छाती उघडी लागते. तातडीच्या वेळी लेडी डॉक्टर येईपर्यंत थांबू, हा निर्णय जिवावर बेततो, आणि आपल्या उलेमांनीही मजबुरीत याची सवलत मान्य केलेली आहे.

धर्म किंवा जात बघून वागणूक मिळू नये, हेही त्याच सनदेत आहे. कोणी आडनावावरून काही बोललं तर तारीख, वेळ, वॉर्ड लिहून ठेवा. प्रत्येक तुटक उत्तर आपल्या नावामुळेच आलं असं समजण्याची घाईही करू नये. शेजारच्या खाटेवरच्या पाटलांच्या आजीलाही तेच उत्तर मिळालेलं असतं.

रमजान. पेशंट रोजा आहे हे सिस्टरला सांगितलेलं नसतं, इन्शुलिन नेहमीच्या वेळी दिलं जातं, आणि दुपारी साखर उतरून पेशंट बेशुद्ध. आजाऱ्याला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत कुराणातच आहे. तरीही ज्यांना ठेवायचा आहे, त्यांनी दाखल होतानाच डॉक्टरांना विचारावं. औषधं सहरी आणि इफ्तारला बसवता येतील की नाही, ते डॉक्टर ठरवतील. लपवू नये, एवढंच.

आता इयादत. बीमारपुर्सीला जाणं आपल्याकडे हक अदा करणं आहे, आणि ती फार सुंदर गोष्ट आहे. पण जुम्याच्या नमाजनंतर एका खाटेभोवती चौदा माणसं, त्यात तीन लहान मुलं, एकाच्या हातात बिर्याणीचा डबा, हे दृश्य वॉर्डातल्या इतर पेशंटना काय वाटत असेल? नुकत्याच ऑपरेशन झालेल्याला आणि नवजात बाळाला जंतूंचा धोका माणसांकडूनच असतो. इयादत थोडक्यात आटपावी, आजाऱ्याला थकवू नये, हे आदाब आपल्याकडे आधीपासून सांगितलेले आहेत. दोघांनी जावं, पाच मिनिटं बसावं, दुआ करून निघावं. बाकीच्यांनी घरच्यांना विचारावं, रात्री थांबायला कोणी हवंय का? तीमारदारीत खरी कमी तिथेच पडते. बाळ काचेच्या पेटीत असेल तर अजानसाठी बापाला हात धुऊन, गाऊन घालून एकदा आत सोडतात का, ते सिस्टरला विचारता येतं. नाही म्हणाल्या तर बाळ बाहेर आल्यावर देता येते.

मय्यतीचा प्रसंग सर्वांत नाजूक. कारण माहीत असलेला नैसर्गिक मृत्यू असेल तर शवविच्छेदन लागत नाही. अपघात, जळणं, विषबाधा, संशयास्पद मृत्यू यांत पोलिसांचा कागद होतो आणि शवविच्छेदन टळत नाही, त्यावर भांडून फक्त वेळ जातो. सूर्यास्तानंतर होत नाही, हा जुना नियम केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये बदलला. सोय असेल तिथे रात्रीही करता येतं. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला मृतदेह किंवा घातपाताचा संशय अशी प्रकरणं साधारणपणे त्यातून वगळलेली आहेत. दफन लवकर करायचं असेल तर हे ठाऊक हवं. बिल बाकी आहे म्हणून मय्यत किंवा पेशंट अडवून ठेवता येत नाही, हेही सनदेतच आहे.

सही करण्याआधी

संमतीपत्र बहुतेक इंग्रजीत असतं आणि ‘इथे सही करा’ एवढंच सांगितलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सांगितलंय की, एका उपचाराला दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला चालत नाही, जीव वाचवण्याची तातडी असेल तर गोष्ट वेगळी. त्या प्रकरणात तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय काढलं गेलं होतं. म्हणून तीन गोष्टी विचाराव्या : काय काढणार किंवा करणार, न केल्यास काय होईल, दुसरा उपाय आहे का. समजेल अशा भाषेत उत्तर मिळणं हा हक्क आहे. अपघाताच्या पेशंटला पोलीस येईपर्यंत थांबवता येत नाही, हे तर १९८९ च्या परमानंद कटारा निकालापासून ठरलेलं आहे. उपचारांच्या कागदांच्या प्रती मागितल्या तर डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायच्या असतात.

तक्रार करायची असेल तर

आधी इन्चार्ज सिस्टर, मग मेट्रन, मग जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सक आणि महाविद्यालयात अधीक्षक किंवा अधिष्ठाता. तोंडी सांगून झालं की लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. शिक्का नसलेली तक्रार म्हणजे चहाच्या टपरीवरची चर्चा. ‘आपले सरकार’ पोर्टलवर घरबसल्याही करता येते. नर्सच्या व्यावसायिक चुकीसाठी महाराष्ट्र परिचर्या परिषद आहे, डॉक्टरांसाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद. ग्राहक आयोगाबद्दल एक बारकावा : जिथे सगळ्यांनाच सेवा मोफत, तिथलं प्रकरण तिकडे चालत नाही. खासगी दवाखान्यांना २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दर भिंतीवर लावणं भाग आहे. तो बोर्ड दिसला नाही तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जाता येतं.

सिस्टर कमी आहेत, ही तक्रार एकट्या पेशंटच्या कागदाने सुटत नाही. माहितीच्या अधिकारात मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं विचारता येतात, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मोहल्ला कमिटीने किंवा मस्जिदच्या जिम्मेदारांनी वर्षातून एकदा एवढा एक अर्ज केला तरी हातात आकडा येतो, आणि आमदार-खासदारांसमोर आकडा घेऊन बसता येतं. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका कंत्राटी भरतीच्या विरोधात संपावर गेल्या, तेव्हा आपण ‘पेशंटचे हाल’ एवढंच वाचलं. आठवडाभराच्या त्या बातम्यांत आपल्याच वॉर्डाचा प्रश्न होता.

हात उचलणं हा मात्र मार्ग नाही. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने दवाखान्यातल्या कोणाही कर्मचाऱ्यावर हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीची दुप्पट भरपाई. रागाच्या भरात काच फोडलेल्या पोराची सरकारी नोकरीची फाइल पुढे तिथेच अडते.

आपल्या मुली त्या टेबलामागे का दिसत नाहीत

मस्जिद-ए-नबवीच्या आवारात एक तंबू होता. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या सअद बिन मुआज रजि. यांना तिथे ठेवलं होतं, आणि सीरतकार सांगतात की तो तंबू रुफैदा अल-अस्लमिया यांचा, ज्या जखमींची खिदमत करत. पुढे कैरोत सुलतान कलावूनने १२८४-८५ मध्ये बांधलेल्या बीमारिस्तानात बायकांचे आणि पुरुषांचे दालन वेगळे आणि सेवकही वेगळे होते. बाईने बाईची देखभाल करावी ही सोय आपण सातशेहून जास्त वर्षांपूर्वी लावली, आणि आज नांदेडच्या वॉर्डात लेडी स्टाफ द्या म्हणून मागणी करणाऱ्या घरातूनच मुलीला नर्सिंगला नाही म्हणतात.

बारावीनंतर मुली विचारतात, तेव्हा अब्बांची हरकत नाईट ड्युटीला असते. ती हरकत मी उडवून लावत नाही, येण्याजाण्याची काळजी खरी आहे. पण एएनएम २ वर्षांचं, जीएनएम ३ वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचं आहे, आणि पुढे परिचर्या परिषदेत नोंदणी करायची असते. मागच्या वर्षी एका मुलीच्या अम्मींनी घरी विषय काढला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं : माझ्या बाळंतपणात मला दखनीत ‘बस, थोडा और’ म्हणणारं कोणीतरी हवं होतं. ती मुलगी आता जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

आणि तो डिस्चार्जचा कागद. ‘उत्तम’वर टिक करायची असेल तर जरूर करा, खाली चांगलं वागलेल्या सिस्टरचं नावही लिहा, कारण कौतुकाचा कागदही वर जातो. पण रात्री दोन वाजता बेल वाजवून कोणी आलं नसेल, तर तारीख आणि वेळ घालून ती एक ओळ लिहा. मोबाइल नंबर स्वतःचा द्या.